पाचवा भिडू

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी दुपारी आमच्या नातवाने मला विचारले, "आजोबा, तुमच्या नाटकमंडळीतला एखादा माणूस सोडून गेला, की त्याच्या जागी नवा माणूस तुम्ही कसा शोधत होता?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना मी अडखळलो. कारण खरे उत्तर असे होते, की आम्हांला तो शोधता आला नाही आणि त्यामुळेच आमची मंडळी मोडली.

त्या मोडलेल्या मंडळीची हकीकत पुढे येईलच. परंतु विशी-पंचविशीतल्या मुलाला हा प्रश्न पडावा का, ते आधी सांगितले पाहिजे.

फासे आहेत, जुगार नाही

सुरतेस नानपुऱ्यातील आमच्या घरी एक रविवार आड दुपारी तीन वाजता काही तरुण मंडळी जेवणाच्या मेजाभोवती जमतात. मेजावर वह्या, पेन्सिली, भाजलेल्या शेंगदाण्यांची बशी आणि रंगीबेरंगी फासे. पहिल्यांदा फाशांचा खडखडाट ऐकला तेव्हा आमच्या सौभाग्यवती अस्वस्थ झाल्या. "नळराजाचे काय झाले, धर्मराजाचे काय झाले, हे ठाऊक असून घरात फासे कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल. तेव्हा एके दिवशी चहाचे निमित्त करून मी तेथेच खुर्ची ओढून बसलो आणि चार तास पाहत राहिलो.

पैशाचा संबंध कोठेच नव्हता. इतकेच नव्हे, तर कोणी जिंकत नव्हते आणि कोणी हरतही नव्हते. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो; आमच्या घरी ते काम नातवाकडे आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी भुरटा चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो: रात्र झाली आहे, नदीला पूर आला आहे, पैलतीरावर एक दिवा हलतो आहे; आता तुम्ही काय करता? मग ज्याने त्याने आपले पात्र काय करील आणि काय बोलेल ते तेथल्या तेथे सांगावयाचे. निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयाचा. हे फासे आपल्या सारीपाटाच्या फाशांसारखे लांबट नसतात. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असे त्यांचे प्रकार असतात. वीस बाजूंचा फासा टाकून मोठा आकडा पडला, तर उडी पैलतीरी. लहान पडला, तर पाण्यात. अशी एकच कथा महिनोन्महिने चालते आणि तिचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

सौभाग्यवतींचे समाधान झाले. आता शेंगदाण्यांची बशी त्याच भरतात.

नवा खेळ, जुनी ओळख

या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. मेजावर नकाशे आणि शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे छंदिष्ट तिकडे पुष्कळ होते. १९६९ साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने अशाच एका खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एका गावातील एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन याने पुढे 'ब्लॅकमूर' नावाचा एक कल्पित मुलूख उभा केला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहानशा गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सच्या साहाय्याने त्याचे नियम बांधले गेले आणि १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन छोट्या पुस्तिका एका पेटीत घालून विक्रीस आल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज हा खेळ जगभर खेळला जातो.

त्या पहिल्या पुस्तिकांतील एक गोष्ट मला मोठी गमतीची वाटली. एका कथेत किमान एक सूत्रधार आणि चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू सामावू शकतात, असे तीत म्हटले आहे! अर्थात पन्नास जण एकाच वेळी बसत नसत. ज्या दिवशी जे येतील ते खेळत, आणि एखादा न जुळणारा गर्दीत खपून जाई. आज बहुतेक मेजांवर सूत्रधार धरून पाच-सहा माणसे असतात आणि तीच वर्षभर बसतात. तेथे प्रत्येकाचा बोलणे-वागण्याचा ढंग इतरांना भोगावा लागतो. जागा थोड्या झाल्या आणि निवड अवघड झाली, ती अशी.

मराठी माणसाला हा खेळ अगदी परका वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात आजच्यासारखी लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधार पद्ये गाऊन कथा पुढे नेई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. कोकणातील दशावतारात तर आजही तेच चालते. आख्यान कोणते आणि कोणी काय व्हावयाचे, एवढे ठरले की पुढचे संवाद रंगमंचावरच जन्म घेतात. ज्याने दशावतार पाहिला आहे त्याला एक गोष्ट निराळी सांगावयास नको. समोरच्या नटाने वाक्य झेलले तरच आपले वाक्य उभे राहते. लिहिलेल्या नाटकात कच्चा नट असला तरी प्रॉम्प्टर त्याला तारून नेतो. जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे भिडू हीच संहिता.

एक खुर्ची रिकामी

नातवाच्या मेजावर पाच माणसे होती. सूत्रधार तो स्वतः. त्याचा अभियांत्रिकीचा एक मित्र. शेजारची सनदी लेखापालाचा अभ्यास करणारी गुजराती मुलगी. अडाजणला राहणारी एक मराठी शिक्षिका. आणि पाचवा एक शाळासोबती. हा शाळासोबती शिक्षणासाठी कॅनडाला गेला. तिघा खेळाडूंवर कथा चालत नाही असे नाही. परंतु आज एकीची परीक्षा, उद्या दुसऱ्याच्या घरी लग्न. तिघांतला एक आला नाही, की उरलेल्या दोघांसाठी बैठक भरवण्यात अर्थ राहत नाही. ओळीने ठरलेल्या पाच बैठकींपैकी तीन रद्द झाल्या. चौदा महिने चाललेली कथा आता विसरण्याच्या वाटेवर होती.

म्हणून घाईघाईने एक विद्यार्थी आणला गेला. नियमांची पुस्तके त्याला तोंडपाठ होती. मंडळी खूष झाली. पण तिसऱ्या बैठकीला मी सहज डोकावलो, तर मेजावर तो एकटा बोलत होता. कोणी काय करावे म्हणजे शत्रू लवकर मरेल, हे तो प्रत्येकाला सांगे. सूत्रधाराची आकडेमोड दुरुस्त करी. शिक्षिकेच्या पात्राला एका म्हाताऱ्या नावाड्याशी चार शब्द बोलावयाचे होते. त्यावर तो म्हणाला, यात वेळ कशाला घालवायचा? पुढच्या बैठकीला तिने डोके दुखत असल्याचा निरोप पाठवला, आणि त्यानंतरच्याही बैठकीला.

तो मुलगा वाईट नव्हता. इतरांपेक्षा त्याला खेळ अधिक येत होता. तो मेजावर एका गोष्टीसाठी आला होता आणि उरलेले दुसऱ्याच गोष्टीसाठी बसले होते, एवढेच. मात्र हे आधी कोणी कोणाला विचारलेच नव्हते. शेवटी नातवाने त्याला भेटून मोकळेपणाने सांगितले. त्यालाही बहुधा सुटल्यासारखे वाटले असावे. हे सगळे घडल्यावरच नातू माझ्याकडे तो प्रश्न घेऊन आला होता.

आमची मंडळी

आता माझी हकीकत. १९७६ च्या सुमारास सुरतेत आम्ही नऊ जण हौसेने नाटके करीत होतो. कोणी बँकेत, कोणी टपालात, कोणी रेल्वेत, कोणी कापड गिरणीच्या कचेरीत. एका शिक्षकांच्या घरच्या पुढच्या खोलीत तालमी चालत आणि गणेशोत्सवात प्रयोग होई. परमुलखात आपली भाषा चार तास कानावर पडावी, हाच खरा लोभ होता.

आमच्या मुख्य नटाची बडोद्यास बदली झाली आणि त्याच्या जागेसाठी दोन माणसे आली. पहिला दिसावयास देखणा आणि आवाज असा, की शेवटच्या रांगेला ऐकू जावा. दुसरा उधन्याच्या एका कारखान्यात मागांवर जॉबर होता. खानदेशातून सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने जी सहस्रावधी माणसे यंत्रमागांवर पोट भरावयास या शहरात आली, त्यांतला एक. पाळी संपवून, कपड्यांवर कापसाचा भुसा तसाच घेऊन तो तालमीला येई आणि दाराशी बसे. तीन संध्याकाळी तो आला. तिसऱ्या दिवशी एकाला वाक्य आठवेना, तेव्हा दाराशी बसलेल्या या माणसाने ते हलकेच सांगितले. त्याने कोणाचे एक नव्हे, साऱ्यांची भाषणे ऐकून पाठ केली होती.

आम्ही पहिल्याला घेतले. जॉबरच्या बोलण्यात अहिराणीचा हेल होता आणि "भाषा शुद्ध नाही" असा निकाल आम्ही सुशिक्षितांनी दिला. तो निकाल त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्यही आम्हांला झाले नाही. "कळवतो" म्हणालो आणि कळवले नाही. चौथ्या दिवशी तो आला नाही.

आमचा देखणा नट प्रयोगात टाळ्या घेई. पण तालमीला तासभर उशिरा येई, दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य टाकी आणि आपले भाषण संपले की विडी ओढावयास बाहेर जाई. एक एक जण कंटाळला. दुसऱ्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमचे नाटक झाले नाही, आणि पुढे कधीच झाले नाही. तालमींच्या वह्या माझ्याकडे होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, त्यात त्याही गेल्या. त्या जॉबरचे नाव त्या वहीत कोणी लिहिलेच नव्हते. ते मला आज आठवत नाही, याची मला लाज वाटते.

हे सारे मी नातवाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही माणूस नाही शोधलात, आवाज शोधलात."

आधी आपल्याला काय हवे?

त्यानंतर या मुलांनी जे केले, ते आमच्या पिढीला सुचले नव्हते. नव्या माणसाचा शोध बाजूला ठेवून त्यांनी प्रथम एक बैठक आपापसांतच घेतली. या खेळात तिला 'शून्य बैठक' म्हणतात. तीत खेळ नसतो, नुसते बोलणे असते. प्रत्येकाने एका कागदावर लिहावयाचे, की मी या मेजावर कशासाठी येतो.

ग्लेन ब्लॅको नावाच्या एका खेळाडूने १९८० साली 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकात असे खेळणाऱ्यांच्या चार वृत्ती सांगितल्या होत्या: आपले पात्र अधिकाधिक बलवान व्हावे असे वाटणारे, डावपेचांत रमणारे, पात्राच्या अंतरंगात शिरणारे, आणि कथा कोठे जाते याची ओढ असणारे. यांत उच्चनीच काही नाही, आणि बहुतेकांत चारींचे थोडेथोडे मिश्रण असते. कागद उलगडले तेव्हा दिसले, की या चौघांपैकी तिघांना पात्रे आणि कथा प्रिय होती आणि एकट्या अभियंत्याला डावपेच. चौदा महिने एकत्र खेळून ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती!

मग त्यांनी नवागतास सांगावयाच्या गोष्टी ठरवल्या. बैठक एक रविवार आड, तीन ते सात. मारामारी थोडी, संभाषण फार. मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात आल्या तरी चालतील. नियम चुकले तर बैठक संपल्यावर बोलावयाचे. लहान मुलांना इजा होण्याचे प्रसंग कथेत नकोत, ही शिक्षिकेची अट. तिच्या जोडीला मेजाच्या मध्यभागी फुली काढलेला एक कागद ठेवावयाचा असेही ठरले. जॉन स्टाव्ह्रोपोलस या अमेरिकन गृहस्थाने काढलेली ही युक्ती आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. कथेत कोणाला एखादा प्रसंग नकोसा झाला तर त्याने त्या कागदाला बोट लावावे. तो प्रसंग तेथेच सोडून द्यावयाचा, कारण विचारावयाचे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्या माणसाला एकदम वर्षभराच्या कथेत ओढावयाचे नाही. त्याच्यासाठी एका दुपारीत संपणारी निराळी कथा रचावयाची. ती संपल्यावर दोन्ही बाजूंनी आठवडाभर विचार करावा आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार दोघांना सारखाच असावा. पण उत्तर मात्र दिलेच पाहिजे. 'कळवतो' म्हणून न कळवणे चालणार नाही. ही शेवटची अट नातवाने घातली. ती कोठून आली, हे मला विचारावे लागले नाही.

तीन दुपारी

ओळखीपाळखीतून तिघे आले. पहिली एक गुजराती मुलगी, हिऱ्यांच्या पेढीत संगणकावर काम करणारी. ती सुरेख खेळली, सर्वांना आवडली. परंतु रविवार तिला मोकळे नव्हते आणि तिने ते पहिल्याच दिवशी सांगून टाकले. कोणालाही वाईट वाटले नाही. दुसऱ्या मुलाला लढाया हव्या होत्या. त्या दुपारी अभियंत्याचे आणि त्याचे छान जमले. पुढे तो स्वतःच म्हणाला, की माझे मन येथे रमणार नाही. हे दोघे आता कधीकधी निराळा डाव मांडतात.

तिसरा उधन्याकडून बस बदलून आला. वडील खानदेशातून मागांवर आलेले, हा येथेच वाढलेला. पहिला तासभर तो काही बोललाच नाही. मला वाटले, हा काही टिकत नाही. मग कथेत शिक्षिकेचे पात्र पुरात वाहून जाऊ लागले. फासा टाकला, आकडा लहान पडला. सगळे आपापल्या पात्राचे काय होईल ते पाहत असता हा मुलगा म्हणाला, "मी दोर टाकतो. माझे पात्र काठावर उरले नाही तरी चालेल." सूत्रधाराने विचारले, दोर टाकताना तू तिला काय ओरडून सांगतोस? आणि त्याने ते अहिराणीत सांगितले.

क्षणभर शांतता झाली. त्याने संकोचून म्हटले, "शुद्ध बोलू का?" त्यावर शिक्षिका म्हणाली, "नको. तुझे पात्र असेच बोलते." माझ्या हातातला चहा निवून गेला होता.

दुसऱ्या बैठकीला तो येणार नव्हता; रविवारी त्याला अर्धी पाळी असे. पूर्वी ठरलेले तीन वाजता बसण्याचे यांनी चारवर नेले. चांगल्या माणसासाठी घड्याळ एक तास पुढे सरकवता येते, हेही आमच्या लक्षात पूर्वी आले नव्हते.

कोणी म्हणेल, हा मुलगा त्या जॉबरचा कोणी असावा. तसे काही नाही. मी चौकशी केली. त्याचे घराणे निराळे, गाव निराळे. आयुष्य इतक्या नीटपणे हिशेब पुरे करीत नाही. त्या माणसाचे माझ्याकडे जे देणे आहे, ते तसेच राहिले आहे.

आपल्या घरचा प्रश्न

वाचकहो, आपणांपैकी फार थोड्यांच्या घरी हे वीस बाजूंचे फासे असतील. पण प्रश्न फाशांचा नाही. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपण माणसे कशाना कशाभोवती जमतो: भजनाभोवती, भिशीभोवती, पत्त्यांच्या चौकडीभोवती, गणपतीच्या मांडवाभोवती. माणसे बदलून जातात, म्हातारी होतात, मुले परदेशी जातात. खुर्ची रिकामी होते. मग आपण एकतर मिळेल त्याला बसवतो किंवा 'आपल्यातला' नाही म्हणून कोणालाच बसवत नाही. दोन्ही वाटांनी मंडळ सारखेच मोडते. त्यापेक्षा आपण येथे कशासाठी जमतो हे आधी एकमेकांना विचारावे. येणाऱ्याला ते स्पष्ट सांगावे, एक दुपार बरोबर घालवावी आणि उत्तर काहीही असो, ते द्यावे. पारखताना त्याला काय येते याहून, दुसऱ्याचे पात्र पाण्यात पडल्यावर तो काय करतो, हे पाहावे.

कॅनडाला गेलेला शाळासोबती दिवाळीत घरी आला होता, तेव्हा मेजाला सहावी खुर्ची लावावी लागली. स्वयंपाकघरातले स्टूल आणले. सौभाग्यवतींनी शेंगदाण्यांच्या दोन बश्या भरल्या आणि कथा पुराच्या पाण्यातून पैलतीराकडे निघाली. तो हलणारा दिवा कोणाचा आहे, हे अजून कळलेले नाही. पुढच्या रविवारी कळेल, असे नातू म्हणतो.